मासळीच्या पाटीचा हिशेब



दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. जून महिना होता, बाहेर पाऊस लागला होता आणि आमच्या कॉलेजात प्रवेशासाठी आलेल्या मुलामुलींची गर्दी उडाली होती. अर्ज तपासून घेण्याचे काम त्या दिवशी माझ्याकडे आले होते. आगरदांड्याची एक मुलगी समोर येऊन उभी राहिली. गुण चांगले, अक्षर सुरेख. वडिलांच्या व्यवसायापुढे तिने ‘मासेमारी’ असे लिहिले होते, आणि आईच्या व्यवसायापुढे ‘काही नाही’. मी सहज विचारले, “आई काय करते?” ती म्हणाली, “घरीच असते, सर.”

आई दारातच उभी होती. हातातली छत्री निथळत होती. ती मोठ्याने हसली आणि म्हणाली, “घरी कवा असते गं मी? सर, घरात मी फकस्त निजायला असते. आता बंदीचे दिवस आहेत, म्हणून पोरीसंगं येता तरी आलं.”

मुलीने मान खाली घातली. मी तिला दोन शब्द सुनावणार होतो, पण तसा अधिकार मला नव्हता. पंचवीस-सव्वीस वर्षांपूर्वी मी स्वतः जेव्हा असाच अर्ज भरला, तेव्हा आईच्या व्यवसायापुढे ‘घरकाम’ असे लिहून मोकळा झालो होतो. माझी आई उन्हाळ्यात सुकी मासळी घेऊन आठवडे बाजारांना जात असे. त्या अर्जासोबत भरलेली फी तिच्याच कनवटीच्या नोटांतून आली होती आणि त्या नोटांना सुकटीचा वास होता. मला त्या वासाची लाज वाटत होती, हे आज कबूल करायला हरकत नाही.

म्हणून आज मी आपल्याशी या बायकांविषयी बोलणार आहे. पाटीभर माल घेऊन शहरात जाणारी, रस्त्याच्या कडेला नाहीतर मंडईच्या पायरीवर बसून तो विकणारी, आणि तरीही कागदावर ‘काही न करणारी’ बाई, हा आजचा विषय.

आगरदांडा हे गाव मुरूड तालुक्यात राजपुरीच्या खाडीवर आहे. खाडीच्या पलीकडे दिघी, आणि खाडीच्या तोंडाशी समुद्रात जंजिऱ्याचा किल्ला. १९४८ साली संस्थान विलीन होईपर्यंत हा मुलूख जंजिऱ्याच्या नबाबाचा होता. आज आगरदांड्याहून दिघीला माणसांबरोबर मोटारीही पोचवणारी जंगल चालते, आणि तिच्यासाठी थांबलेल्या गाड्यांची रांग सुट्टीच्या दिवशी लांबवर जाते. पाहुण्याला गाव दिसते ते एवढेच. गावाचा खरा दिवस त्याच्या आधी, उजाडण्यापूर्वी सुरू होतो.

होड्या धक्क्याला लागतात, मासळीचा लिलाव होतो, आणि तिथून पुढे पुरुषाचे काम संपून बाईचे सुरू होते. कोळी समाजात ही वाटणी फार जुनी आहे. दर्या पुरुषाचा, बाजार बाईचा. पुरुष मासळी आणतो. ती निवडणे, प्रतवारी करणे, बर्फात घालणे, भाव ठरवणे, विकणे आणि आलेला पैसा सांभाळणे ही सारी कामे बाईची. कुठली सुरमई मंडईत न्यायची, कुठले मांदेली गावातच विकायचे, कुठले बोंबील आजच वलांडीवर वाळत घालायचे, हे ती मासळीवर एक नजर टाकून ठरवते. आमच्या कॉलेजात आम्ही ‘बाजारपेठेचे विश्लेषण’ असा एक धडा शिकवतो. त्याला तीन आठवडे लागतात. तिचे विश्लेषण पाटी भरता भरता होते.

यांतल्या काही बायका मुरूडच्या बाजारात बसतात. काही जणी मिळून टेम्पो करतात नाहीतर एस.टी. धरतात आणि रोह्याकडे, त्याही पलीकडच्या गावांना जातात. जिची माणसे मुंबईला आहेत, ती सणासुदीला सुकी मासळी घेऊन मुंबई गाठते. मुंबईत तर या व्यापाराचा मोठाच संसार आहे. कुलाब्याचा ससून डॉक १८७५ साली बांधला गेला. तो कापसाच्या व्यापारासाठी होता, पण पुढे तो मासळीचा झाला. आजही तिथे पहाटेच्या लिलावात बोली लावणाऱ्यांत बायका असतात. मासळी उचलून त्या लोकलच्या मालडब्यातून उपनगरांत पोचतात. शहर झोपेतून उठेपर्यंत त्यांचे अर्धे काम झालेले असते.

आणि मासळीच कशाला? भाजीवाली आली, फुलवाली आली, गजरे ओवणारी आली, जुन्या कपड्यांवर भांडी देणारी बोहारीण आली, पोळीभाजीचे डबे करून देणारी आली. शहराचे पोट आणि शहराचा संसार यांच्यावर चालतो.

आता काय गंमत आहे बघा. या उद्योगाला अर्थशास्त्रात पन्नास-पंचावन्न वर्षांपूर्वीपर्यंत नावच नव्हते. कीथ हार्ट नावाचा एक इंग्रज अभ्यासक पश्चिम आफ्रिकेत घाना देशात गेला. अक्रा शहरातल्या गरीब वस्तीत राहून त्याने पाहिले की, सरकारदफ्तरी जे लोक बेकार आहेत ते प्रत्यक्षात दिवसभर राबत असतात. कोणी विकतो, कोणी दुरुस्त करतो, कोणी उसनवारीचा व्यवहार चालवतो. १९७१ साली त्याने एका परिषदेत हे मांडले आणि ‘अनौपचारिक’ हा शब्द रूढ झाला. १९७२ साली आंतरराष्ट्रीय मजूर संघटनेने केनिया देशावरच्या आपल्या अहवालात तोच शब्द उचलला, आणि मग तो जगभर गेला. आपल्याकडे आपण असंघटित क्षेत्र म्हणतो. भारतात काम करणाऱ्या शंभर माणसांपैकी नव्वदांच्या आसपास माणसे या क्षेत्रात आहेत. म्हणजे नव्वदांना ‘अनौपचारिक’ म्हणायचे आणि दहांना ‘औपचारिक’! उरलेल्यांचे नाव आपण आधी ठेवले, म्हणून हा उलटा प्रकार झाला.

त्याच अक्रा शहराची आणखी एक हकिगत सांगतो. तिथे मकोला नावाचा मोठा बाजार होता आणि तो बायकांच्या हातात होता. १९७९ साली तिथे लष्करी राजवट आली. देशात महागाई भडकली होती. तिचे खापर या बाजारातल्या बायकांवर फुटले, आणि सैनिकांनी तो बाजार जमीनदोस्त केला. महागाई काही त्यामुळे थांबली नाही, कारण ती बायकांनी आणलीच नव्हती. हे मी एवढ्यासाठी सांगितले की, भाव वाढला की कोळणीच्या नावाने बोटे मोडणारी माणसे आपल्याकडेही आहेत. पाटीवर बसलेली बाई समोर दिसते. डिझेलचा भाव, बर्फाचा भाव आणि दर्यात कमी झालेली मासळी दिसत नाही.

आता हिशेबाकडे येऊ. शिक्षक मंडळींनी कागद-पेन्सिल घ्यावी अशी माझी विनंती आहे, कारण हे गणित उद्या वर्गात देता येईल. आकडे मी सोयीसाठी घेतले आहेत. आपल्या गावच्या बाईला विचारून खरे आकडे घालावेत.

समजा, एका बाईने पहाटे तीन हजार रुपयांची मासळी उचलली. बर्फाचे शंभर, स्वतःचे आणि पाटीचे जाण्यायेण्याचे भाडे दीडशे, बाजारपट्टीच्या पावतीचे वीस, चहापाण्याचे तीस. एकूण खर्च झाला तेहतीसशे रुपये. बाजारात पोचल्यावर पहिल्या दोन तासांत भाव चांगला असतो. त्यात तिने बावीसशेची विक्री केली. ऊन चढले, बर्फ वितळला, गिऱ्हाईक घासाघीस करू लागले; त्यात नऊशे आले. राहिलेले वाटे शेवटी देऊन टाकावे लागले, त्याचे पाचशे. एकूण आले छत्तीसशे. नफा तीनशे. पण मासळी उचलायला तिने तीन हजार कोणाकडून तरी घेतले होते, आणि त्याने संध्याकाळी एकतीसशे मागितले. उरले दोनशे.

आता दुसरा दिवस घ्या. सगळे तेच, फक्त गाडी दोन तास उशिरा आली. ऊन चढल्यावरच्या विक्रीत नऊशेंऐवजी सहाशे आले. मग काय झाले? दोनशे नफ्याच्या जागी शंभर रुपये तोटा. तिच्या कष्टात काही फरक पडला नाही, तिच्या बोलण्यात पडला नाही, मासळी तीच होती. गाडी चुकली आणि दिवस बुडाला. कापडवाल्याचे ठाण आज नाही खपले तर उद्या खपते. मासळीला उद्या नसतो. ती मुलीची आई मला म्हणाली ते खरे आहे: “म्हावरं काय सोनं हाय का सर, कपाटात ठेवायला?”

आता मुलांना पुढचा प्रश्न घाला. तीन हजारांवर रोज शंभर रुपये दिले, तर वर्षाचे किती? आपल्या किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै मासेमारीला बंदी असते. मासळीच्या विणीचे ते दिवस असतात आणि दर्याही खवळलेला असतो. म्हणजे दहा महिने, ढोबळमानाने तीनशे दिवस. तीनशे गुणिले शंभर, तीस हजार रुपये. मुद्दल केवळ तीन हजार, आणि व्याज तीस हजार! तेच तीन हजार बँकेने द.सा.द.शे. बारा टक्क्यांनी दिले असते, तर वर्षाचे व्याज झाले असते तीनशे साठ. या बाईला अक्कल नाही म्हणून ती तीस हजार भरते असे नाही. पहाटे चार वाजता धक्क्यावर बँक उघडी नसते आणि सावकार हजर असतो, म्हणून ती भरते.

यावर उपाय निघालेच नाहीत असे नाही, आणि ते बायकांनीच काढले आहेत. अहमदाबादेत इला भट्ट यांनी १९७२ साली ‘सेवा’ ही संस्था स्थापन केली आणि १९७४ साली तिच्या सभासद बायकांनी स्वतःची बँक काढली. मुंबईत गिरणी कामगारांना जेवण घालणाऱ्या खाणावळवाल्या बायका सावकारी व्याजात बुडाल्या होत्या. १९७५ साली प्रेमाताई पुरव यांनी त्यांना एकत्र करून अन्नपूर्णा महिला मंडळ उभे केले आणि राष्ट्रीयीकृत बँकेच्या दारात नेले. सातारा जिल्ह्यातल्या म्हसवडला चेतना गाला सिन्हा यांच्या पुढाकाराने १९९७ साली माणदेशी महिला सहकारी बँक सुरू झाली. तिची हकिगत तर शिक्षकांनी मुद्दाम सांगावी अशी आहे. पहिल्यांदा परवाना नाकारला गेला, कारण सभासद बायकांनी कागदावर अंगठे उठवले होते. त्या बायका अक्षर शिकल्या आणि पुन्हा रिझर्व्ह बँकेत गेल्या. लिहिता येत नसले तरी व्याज मोजता येते, हे त्यांनी तिथे दाखवून दिले. हिशेब त्यांना आधीपासून येत होता. कागद नंतर आला.

सरकारकडूनही एक वाट निघाली आहे. टाळेबंदीत रस्त्यावरचा व्यापार बसला, तेव्हा जून २०२० मध्ये ‘पीएम स्वनिधी’ ही योजना आली. पहिले कर्ज दहा हजारांचे होते; २०२५ साली ते पंधरा हजार करण्यात आले. ते वेळेवर फेडले की पुढचे पंचवीस हजार, आणि नंतर पन्नास हजार. तारण लागत नाही आणि वेळेवर फेडणाऱ्याला व्याजात सवलत मिळते. खेड्यातल्या श्रोत्यांनी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. विकणारी बाई खेड्यात राहत असली तरी, ती नगरपरिषदेच्या हद्दीत येऊन विकत असेल, तर तिलाही ही योजना लागू होते. म्हणजे आगरदांड्याची बाई मुरूडच्या बाजारात बसत असेल, तर तिने मुरूडच्या नगरपरिषदेत जाऊन चौकशी करावी. मात्र विक्रेत्याचे प्रमाणपत्र किंवा शिफारसपत्र लागते. पुन्हा गाडी कागदापाशी येऊन थांबते.

कायद्याचे तसेच आहे. रस्त्यावर विकून पोट भरणे हाही एक धंदा आहे आणि त्याला घटनेचे संरक्षण आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८९ साली सोदानसिंग खटल्यात म्हटले. पुढे पंचवीस वर्षांनी, २०१४ साली, पथविक्रेत्यांच्या संरक्षणाचा कायदा संसदेने केला. त्यातली चार कलमे प्रत्येक पाटीवालीला माहीत असायला हवीत. पहिले, विक्रेत्यांची पाहणी होऊन प्रमाणपत्रे दिली जाईपर्यंत कोणाला जागेवरून हुसकता येत नाही. दुसरे, त्यानंतरही उठवायचे असेल तर तीस दिवसांची नोटीस द्यावी लागते. तिसरे, माल जप्त केला तर, दंड भरल्यावर, नाशवंत माल त्याच दिवशी परत करावा लागतो. संध्याकाळी पाच वाजता परत मिळालेली मासळी काय कामाची, असे कोणी विचारील, आणि ते बरोबरच आहे. पण निदान ‘उद्या या’ म्हणण्याची सोय तरी कायद्याने ठेवलेली नाही. चौथे, प्रत्येक शहरात एक नगर पथविक्रेता समिती असावी, तिच्यात निदान शंभरात चाळीस सभासद विक्रेत्यांनी निवडलेले असावेत, आणि त्यांतल्या एकतृतीयांश जागा बायकांच्या असाव्यात.

कायदा झाला म्हणजे काम झाले असे नव्हे. खुद्द मुंबईत या समितीवरच्या विक्रेत्यांच्या जागांसाठी निवडणूक व्हायला २०२४ साल उजाडले. छोट्या गावांचे काय सांगावे! शिवाय हा कायदा शहरांसाठी आहे. ग्रामपंचायतीच्या हद्दीत, धक्क्यावर किंवा तिठ्यावर बसणाऱ्या बाईला तो सावली देत नाही. तिथे ग्रामसभेनेच मन मोठे केले पाहिजे.

या बायका मागतात तरी काय? मी विचारले आहे, म्हणून सांगतो. डोक्यावर छप्पर, बसायला ओटा, धुवायला पाणी, बर्फ ठेवायला पेटी, आणि मुतारी. शेवटच्या गोष्टीविषयी सभ्य माणसे भाषणात बोलत नाहीत, पण ती बोललीच पाहिजे. पहाटे घर सोडलेली बाई दुपारपर्यंत पाणी पीत नाही, कारण प्यायले तर जायचे कुठे? माझ्या आईने पुढे मूतखड्याचे दुखणे वर्षानुवर्षे काढले. तेव्हा मी त्याची सांगड कशाशी घातली नव्हती. आज घालतो.

दुसरी बाजूही सांगायला हवी, नाहीतर हे बोलणे एकांगी होईल. बाजार उठल्यावर मागे राहणारी घाण, रस्त्यात पुढे पुढे सरकणारी पाटी, वाट्यावर विकताना वजनाचा नसलेला पत्ता, या तक्रारी खोट्या नाहीत. पायी चालणाऱ्यालाही रस्त्यावर हक्क आहे. पण नीट पाहिले तर यांतल्या बहुतेक तक्रारींचे मूळ ओटा, पाणी आणि जागा नसण्यात सापडते. जिला उद्या इथे बसू देतील की नाही याचीच खात्री नाही, तिने जागा झाडावी कोणासाठी? जागेची शाश्वती आली की स्वच्छता मागण्याचा अधिकारही आपल्याला येतो.

आणखी एक बदल डोळ्यांदेखत होतो आहे. मासळी आता मोटारसायकलवरून दारात येते, फोनवरून मागवता येते. ती विकणारे बहुतेक तरुण पुरुष आहेत. जो बाजार पिढ्यान् पिढ्या बाईच्या हातात होता, तो हळूहळू सुटतो आहे. एप्रिल २०२५ मध्ये महाराष्ट्र शासनाने मत्स्यव्यवसायाला शेतीचा दर्जा दिला. ही आनंदाची गोष्ट आहे. पण त्याचे फायदे वाटताना होडी कोणाच्या नावावर आहे एवढेच पाहिले, तर पाटी बाहेरच राहील. शेतात राबणाऱ्या बाईचे नाव सातबाऱ्यावर नसल्याने तिचे जे झाले, ते हिचे होऊ नये.

शिक्षक बंधुभगिनींनो, आता आपल्याकडे येतो. सरकार, नगरपरिषद आणि बँक यांच्याविषयी बोलून झाले. पण पहिला कागद आपल्या हातात असतो. मूल शाळेत येते तेव्हा आईचा व्यवसाय आपण विचारतो. उत्तर ‘काही नाही’ असे आले, तर आणखी एक प्रश्न विचारा : “सकाळी आई कुठे जाते?” आणि जे उत्तर येईल ते लिहा. मासळीविक्री, भाजीविक्री, डबे, शिवण, जे असेल ते. एका रकान्याने बाईला कर्ज मिळत नाही, हे मला कळते. पण ज्या मुलाने आपल्या हाताने ‘मासळीविक्री’ असे लिहिले, त्याला त्या वासाची लाज वाटणे थोडे कमी होईल. आणि मोठ्या वर्गातल्या मुलामुलींकडून दुसरे एक काम करून घ्या. आईसाठी एक वही घाला. रोजची खरेदी, खर्च, विक्री आणि व्याज, असे चार रकाने. महिनाभर लिहा. व्याज दिसले की ते कमी कसे करायचे हा विचार आपोआप सुरू होतो. आणि उद्या बँकेत जायची वेळ आली, तर ती वही हातात असते.

ती आगरदांड्याची मुलगी आता माझ्याच वर्गात अर्थशास्त्र शिकते. त्या दिवशी मी तिचा अर्ज परत दिला आणि म्हटले, “हा एक रकाना पुन्हा भर.” तिने ‘काही नाही’ खोडले आणि लिहिले, ‘मासळीचा व्यापार’. ‘विक्री’ नव्हे, ‘व्यापार’! हा शब्द तिला मी सुचवला नव्हता. आईने विचारले, “काय लिवलंस?” मुलीने वाचून दाखवले. आई काही बोलली नाही. पदराने तोंड पुसले आणि मला म्हणाली, “चला सर, शेवटची गाडी चुकंल.”

गेल्या वर्षी दिवाळीत मी माझा तो जुना अर्ज घरातल्या ट्रंकेत शोधत होतो. सापडला नाही. सापडला असता तर मीही एक शब्द खोडणार होतो. आता ते दुरुस्त करायला आई नाही. ज्यांची आई आज पहाटे पाटी घेऊन गेली आहे आणि संध्याकाळी परत येणार आहे, त्यांना मात्र अजून वेळ आहे.